गुलाब मास्तरांची शुगर

"पॅरासिटामॉल," रेश्मा म्हणाली.

"नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक, डिझिनेस, रॅश," मी म्हणाले.

"डायजॉक्सिन."

"त्याचं वेगळं आहे. देण्याआधी नाडी बघावी लागते. साठच्या खाली असली तर..."

"बीएस्सी, मी नाडी विचारली का? साइड इफेक्ट विचारले."

"नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक, डिझिनेस, रॅश."

"शाबास. इन्सुलिन."

मी मान हलवली.

"काय झालं?"

"इन्सुलिनचं मुख्य ते नाही गं. शुगर फार खाली येते, घाम सुटतो, हात कापतात, माणूस काहीतरी बरळायला लागतो. वेळेवर साखर दिली नाही तर..."

रेश्माने पुस्तक मिटलं. "म्हणूनच तू नापास झालीस."

होस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या रांगेखाली आम्ही बसलो होतो. रेश्मा मुजावर बारावीनंतर थेट नर्सिंगला आलेली आणि फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली. मी, सुनेत्रा आवटी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आणि नेमक्या याच विषयात राहिलेली. सगळ्या मला बीएस्सी म्हणत. त्यात कौतुक किती आणि बाकी काय किती, याचं पृथक्करण करणं मी सोडून दिलं होतं.

त्या पाच शब्दांना मुली पंचामृत म्हणायच्या. कुठल्याही औषधाचे दुष्परिणाम आले की पंचामृत लिहायचं, तेही त्याच क्रमाने. फार्माकॉलॉजी शिकवणाऱ्या शेटे मॅडमच्या उत्तरसूचीत पाचांतले चार तरी असायचेच, आणि त्यांची लाल पेन्सिल शब्द बघायची, औषध नाही. रेश्माने पंचामृताला आरतीची चाल लावली होती. संध्याकाळी होस्टेलखालून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, या मुली फार देवभोळ्या आहेत.

सहामाही परीक्षेत मी नापास झाले ते ॲस्पिरिनमुळे. ते शरीरात कुठल्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे ताप का उतरतो आणि त्याच कारणाने जठराला का लागतं, हे मी दोन पानं भरून लिहिलं होतं. शेटे मॅडमनी दोन्ही पानांवर तिरकी रेघ ओढली. मी विचारायला गेले.

"मॅडम, यात चूक काय आहे?"

"चूक नाही."

"मग मार्क?"

"आवटी, चूक नाही म्हणजे बरोबर आहे असं कोण म्हणालं? तीन मुद्दे पाहिजेत. वेदना कमी, ताप कमी, रक्त पातळ. तू तीन लिहायचे, मी तीन खुणा करायच्या. तुझं वाचायचं म्हटलं तर मला पुस्तक उघडायला लागतं." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तू हुशार आहेस गं. तेवढं सोडून दे."

सोडणं मला परवडणारं नव्हतं आणि न सोडणंही. बी.एस्सी.नंतर दोन वर्षं शिकवण्या घेत मी घरात बसले होते. बाबांना नर्सिंगसाठी राजी करताना त्यांची एकच अट मान्य केली होती. एक जरी वर्ष वाया गेलं, तर सामान बांधून घरी यायचं आणि पुढचं ते ठरवतील. पुढचं म्हणजे काय ते त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. त्याचं प्लायवूडचं दुकान होतं. वार्षिक परीक्षेत फार्माकॉलॉजी पुन्हा गेलं की वर्ष गेलं.

म्हणून मी पंचामृत पाठ करत होते. पण पुस्तक उघडलं की डोळे खालच्या बारीक अक्षरांकडे जायचे. औषध देताना नर्सने सांभाळायचे दहा नियम असतात, त्यांना टेन राइट्स म्हणतात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, असं करत करत शेवटी दहावा येतो: पेशंटला औषध नाकारण्याचा हक्क. शेटे मॅडम पाचव्यापाशी पुस्तक बंद करायच्या. एकदा मी दहाव्याचं विचारलं.

"तो मोठ्या शहरांतल्या पेशंटसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "पेपरात येत नाही."

आमच्या पेशंटनी काही नाकारायचा प्रश्नच नव्हता, कारण ते पेशंट नव्हते.

कॉलेज चालवायचं तर संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि त्यात पेशंट लागतात. हॉस्पिटल साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं, चांगलं दुमजली. पेशंट मात्र सगळे गावातल्या जुन्या डॉक्टरांकडे जायचे, तिथे बरं वाटायचं म्हणून. त्यामुळे परीक्षा आली की वॉर्ड भरावा लागे. परीक्षा यायची श्रावणात, आणि चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा गावातला न्यू गुलाब ब्रास बँड पूर्ण रिकामा असायचा. बँड जसाच्या तसा पुरुषांच्या वॉर्डात आडवा व्हायचा. मोबदला म्हणून दिवसाची मजुरी, चहा आणि दोन वेळचं जेवण.

त्यांना आजार वाटून द्यायचं काम मॅडमनी त्या वर्षी माझ्याकडे दिलं. "तुझं अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुला एवढं समजतंच आहे, तर त्याचा कुठेतरी उपयोग होऊ दे."

मी ते मनापासून केलं. मोठा ढोल वाजवणाऱ्या शामराववर पोट बघून रक्तदाब लिहिला. ट्रम्पेटवाल्याला दमा दिला. मास्तरांपाशी आले तेव्हा ते खाटेवर मांडी घालून बसले होते. गुलाब मास्तर म्हणजे बँडचे मालक, क्लॅरिनेट वाजवणारे, पांढरी मिशी पिळलेले.

"ताई, मला काय देताय?"

"हार्ट देऊ?"

"हार्ट नको. आमचं वडील त्यातच गेलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवं ती."

"मग शुगर?"

मास्तरांनी विचार केला. "शुगर कागदावरच ऱ्हाईल न्हवं? च्यात येणार न्हाई?"

"म्हणजे?"

"मागच्या टायमाला आमच्या झांजवाल्याला शुगर दिली, तर किचनवाली बाई त्याला फिका च्या द्यायची. मी मास्तर हाय, माझ्यावर तशी पाळी नको."

चहात साखर राहील, असं मी वचन दिलं आणि त्यांना मधुमेह लिहून दिला. नुसता शब्द लिहून सोडला नाही. सकाळची उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची, इन्सुलिनचा डोस, दुसऱ्या दिवशी त्याचा दिसणारा परिणाम, मध्येच एका सणाच्या दिवशी थोडी वाढ. आलेख काढला. अख्ख्या हॉस्पिटलात तेवढा नीट ठेवलेला कागद दुसरा नसेल.

आणि तोच मला नडला.

दरवर्षी बाहेरून परीक्षक म्हणून देशमाने सर यायचे. ते नारळपाणी घ्यायचे, जेवायचे, पान खायचे आणि मग प्रत्येक मुलीला विचारायचे, "तुला काय येतं?" जे येतं ते ती सांगायची. त्या वर्षी सर बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि ऐनवेळी दुसरं माणूस आलं. मेजर दळवी. लष्करी हॉस्पिटलांत नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, उंच, केस बारीक कापलेले. एसटीने आल्या. शेटे मॅडमनी जेवणाचा विषय काढला तर म्हणाल्या, "डबा आणला आहे."

शेटे मॅडमचा चेहरा तिथेच उतरला. श्रावणी सोमवार म्हणून केलेली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप आणि श्रीखंड, सगळं वाया गेलं होतं.

"व्हायवा, तोंडी परीक्षा, पेशंटच्या खाटेशी होईल," मेजर म्हणाल्या. "पाठांतर मला एसटीतही ऐकायला मिळतं."

पहिली रेश्मा. शामरावच्या खाटेशी तिने गोळी हातात घेतली, नाव सांगितलं, डोस सांगितला.

"साइड इफेक्ट?"

"नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक, डिझिनेस, रॅश."

"इन्सुलिनचे?"

"नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक, डिझिनेस, रॅश."

"आणि पेलाभर पाण्याचे?"

रेश्मा चालीत होती. "नॉशिया, व्हॉमिटिंग..." एवढं म्हणून ती थांबली. शामराव छताकडे बघत होता आणि त्याचं पोट हलत होतं. मेजरनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असेल याचा अंदाज करत बाकीच्या मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मग मेजर खाटांच्या पायथ्याला लावलेले चार्ट वाचत निघाल्या. गुलाब मास्तरांपाशी थांबल्या. चार्ट उचलला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला.

"हा चार्ट व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "पुढची कोण?"

पुढची मी होते.

"आजची उपाशीपोटी शुगर तीनशे बारा. काय देशील?"

"इन्सुलिन, मॅडम. दहा युनिट, कातडीखाली, जेवणाआधी अर्धा तास."

"दे."

ट्रेमध्ये इन्सुलिनची बाटली होतीच. आमच्याकडे दरवर्षी त्याच बाटलीत पाणी भरायचे आणि पेशंटला दंडावर थोडंसं पाणी टोचायचे. मी बाटली उचलली, तर मेजर म्हणाल्या, "ही उघडलेली आहे. सीलबंद आणा."

"मॅडम, हीच चांगली आहे," शेटे मॅडम म्हणाल्या.

"सीलबंद."

शिपाई गेटजवळच्या औषधाच्या दुकानात गेला. ते दुकान खरं होतं आणि तिथला फ्रीजही. तो घेऊन आलेली बाटली गार होती. मी सील काढलं, दहा युनिट ओढले, हवेचा बुडबुडा घालवला. इन्सुलिनचा डोस दुसऱ्या नर्सने तपासायचा असतो. मी सिरिंज शेटे मॅडमपुढे धरली.

"बरोबर, बरोबर," मॅडम सिरिंजकडे न बघता म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, "दे गं पटकन. थोडंसंच आहे."

थोडंसं किती असतं ते मला माहीत होतं. "मास्तर, सकाळपासून काय खाल्लंत?"

"आज सोमवार हाय, ताई. नुसता च्या. त्यो बी पहाटं."

म्हणजे शुगर नसलेला माणूस, पोट रिकामं, आणि माझ्या हातात दहा युनिट. मास्तरांनी मात्र सदऱ्याची बाही वर सारून दंड पुढे केला होता. त्यांना दरवर्षीची सवय होती.

"द्या ताई," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "घाबरू नका. तुमी पास झालं पायजे. मुंगी चावल्यागत तर हुतं."

मला सगळ्यांत मोठी अडचण झाली ती त्यांच्या चांगुलपणाची. मेजर माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. त्यांची दोन बोटं माझ्या मनगटाच्या अगदी जवळ होती. मला वाटलं, सिरिंज कशी धरते ते बघतायत.

नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं, तर हा पेशंट नाही हे सांगावं लागणार. मग हॉस्पिटल गेलं, कॉलेज गेलं, त्यात रेश्मासकट सगळ्यांची वर्षं गेली. आणि टोचलं तर मी पास.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"मॅडम, मी राइट्स म्हणून दाखवू?"

"म्हण."

मी सावकाश म्हणायला लागले. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस. पाचव्यानंतर शेटे मॅडमनी सवयीने मान हलवली, आता संपलं अशी. मी पुढे गेले. सहावा, सातवा, आठवा, नववा.

"दहावा," मी म्हणाले, आणि तोंड मास्तरांकडे वळवलं. "पेशंटला औषध नाकारण्याचा हक्क आहे. मास्तर, हे खरं इन्सुलिन आहे. दरवर्षीसारखं नाही." एवढ्यावर मी आवरलं. "याने शुगर खाली येते. पोट रिकामं असलं की फार खाली येते. घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध जाते. तुम्हाला नको असेल तर तुम्ही नको म्हणू शकता."

मास्तरांनी विचारलं, "नको म्हटलं तर चालतं?"

"चालतं. नियम आहे."

"कुणाचा?"

"पुस्तकात आहे."

"आन् तुमचे मार्क?"

"ते माझं मी बघेन."

त्यांनी एकदा शेटे मॅडमकडे, एकदा ट्रेकडे बघितलं. शेटे मॅडम डोळ्यांनी त्यांना काहीतरी सांगत होत्या. मास्तरांनी सारलेली बाही हळूहळू खाली घेतली आणि बटण लावलं.

"मग नको," ते म्हणाले.

"आता काय करशील?" मेजरनी मला विचारलं. आवाजात काहीच फरक नव्हता.

"कारण विचारेन. नोंद करेन. डॉक्टरांना कळवेन. ओढलेलं इन्सुलिन टाकून देईन."

"विचार."

"मास्तर, का नको?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. खोटं बोलायचं त्यांना कुणी शिकवून ठेवलं नव्हतं. आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मला शुगर न्हाई," ते म्हणाले.

शामराव मघापासून खाटेच्या दांडीवर बोटांनी ठेका धरून होता. तो थांबला. शेटे मॅडम घाईने पुढे आल्या. "मॅडम, तो माणूस जरा..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"शुगरचे पेशंट सगळे असंच म्हणतात," मेजर म्हणाल्या. "निम्म्यांना पाय कापायची वेळ आली तरी पटत नाही. लिही, आवटी. त्याच्याच शब्दांत."

मी माझ्या त्या सुरेख आलेखाखाली लिहिलं: पेशंटने औषध नाकारले. कारण: 'मला शुगर नाही.'

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं की मागचा बँड वाजवत राहत नाही. पुढची मुलगी शामरावकडे गोळी घेऊन गेली तर तो म्हणाला, "मला बी नको."

"कारण?" मुलीने विचारलं.

"मला बीपी न्हाई."

"नोंद कर," मेजर म्हणाल्या.

दमेकरी ट्रम्पेटवाला तर उठून बसला. "मला दमा कशाचा? अख्खी वरात दम न घेता वाजवतो मी. इचारा कुणाला बी."

"नोंद कर. आणि त्याला सांग, पडून राहा."

दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डाने औषधं नाकारली. एकाही माणसाला एकही आजार उरला नाही. एकेका मुलीने दहावा राइट म्हटला, कारण विचारलं, नोंद केली आणि पास झाली. रेश्माला मेजरनी पुन्हा बोलावलं. या खेपेला तिने चाल न लावता उत्तर दिलं. तिला पाण्याचे साइड इफेक्ट विचारले नाहीत.

मेजर निघाल्या तेव्हा त्यांची पिशवी घेऊन मी गेटपर्यंत गेले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर गुलाब मास्तर बसले होते आणि परीक्षकासाठी केलेली साबुदाण्याची खिचडी खात होते. वर चहा होता. मेजर थांबल्या.

"मास्तर, वैशाखात मिरजेला दळव्यांच्या लग्नात बँड तुमचाच होता ना?"

मास्तर ताट खाली ठेवून उभे राहिले. "व्हय जी."

"माझा पुतण्या. छान वाजवलंत. जेवायला बसलात तेव्हा जिलेबी दोनदा मागून घेतलीत."

"तीनदा," मास्तर म्हणाले.

"त्यानेच शुगर झाली असेल."

"व्हय जी," मास्तर म्हणाले.

मला माझा हात अडवायला मनगटाजवळ तयार ठेवलेली ती दोन बोटं आठवली. आम्ही गेटपाशी पोचलो. मग राहवलं नाही.

"मॅडम, म्हणजे तुम्ही हे सगळं वर कळवणार?"

"मी परीक्षा घ्यायला आले होते," मेजर म्हणाल्या. "तपासणीचं पथक वेगळं असतं. त्यांचं जेवणही वेगळं असतं, तुझ्या मॅडमना विचार." एसटी येताना दिसली तसा त्यांनी पिशवीला हात घातला. "तो चार्ट तू लिहिलास?"

"हो."

"फार सुंदर आहे. पुन्हा लिहू नकोस."

मी पास झाले. बाबांनी प्लायवूडवाल्यांना काय कळवलं ते मी विचारलं नाही. याला आता कितीतरी वर्षं झाली. मी सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. पेशंट भरपूर आहेत आणि सगळे खरे आहेत. पण तो दिवस आठवला की मला आधी मेजर आठवत नाहीत, मास्तरही नाहीत. निकालानंतरच्या आठवड्यातला, पुढच्या बॅचचा एक तास आठवतो. मी वह्या द्यायला म्हणून दारात उभी होते. शेटे मॅडम फळ्यापाशी होत्या आणि मुली माना खाली घालून लिहीत होत्या.

"टेन राइट्स. पाचव्यावर थांबायचं नाही. दहावा अधोरेखित करा. समोर लिहा, व्हेरी इम्प."

एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पेशंटने नकार दिला तर कारण काय लिहायचं?"

"'मला शुगर नाही,'" मॅडम म्हणाल्या. "असंच लिहायचं. औषध कुठलंही असू दे. शब्द बदलायचे नाहीत."